परमुलखात घडलेली नावे

ग्वाल्हेरच्या किल्ल्याची जुनी चढण पूर्वेच्या पायथ्याशी जिथे सुरू होते, त्या वस्तीला आज सगळे गाव किला गेट म्हणते. तिथला दरवाजा १६६० सालचा. औरंगजेबाच्या सुभेदाराने तो बांधला, म्हणून त्याचे नाव आलमगीर दरवाजा. आत शिरताच मानसिंह तोमराचा गूजरी महाल लागतो आणि वर जाताना एकामागून एक वेगवेगळ्या राजवटींचे दरवाजे ओलांडावे लागतात. वस्तीच्या नावातले पहिले पद अरबीतून फारसीमार्गे आले, दुसरे इंग्रजीतून. त्यातल्या पहिल्याला मराठी माणूस 'किल्ला' म्हणतो, लकाराचे द्वित्व करून, आणि ज्या शहरात तो पिढ्यान्‌पिढ्या राहतो त्याला 'ग्वाल्हेर' म्हणतो. त्याचा शेजारी म्हणतो 'किला' आणि 'ग्वालियर'. जागा एकच, पण उच्चारावरून बोलणाऱ्याचे घर कळते. पुढील पानांचा विषय या उच्चारांच्या मागे असलेले शब्द हा आहे: ग्वाल्हेरी, दक्षिणी, मराठा, महाराष्ट्रीय. एखाद्या मुलखाची ओळख सांगणारे हे शब्द कसे जन्मतात, याविषयी माझे म्हणणे थोडक्यात असे की ते त्या मुलखाच्या पोटात क्वचितच जन्मतात. ते वेशीवर, बाजारात, छावणीत, परक्या दरबारात, म्हणजे दुसरे कोणी समोर उभे असताना घडतात. म्हणून त्यांची व्युत्पत्ती शोधताना धातू आणि प्रत्यय यांच्या आधी विचारायला हवे की हा शब्द प्रथम कोणी, कुठे उभे राहून, कोणाविषयी उच्चारला.

गावाच्या नावापासूनच सुरुवात करू, कारण इथे पुरावा दगडावर कोरलेला आहे. हूण राजा मिहिरकुलाच्या पंधराव्या राज्यवर्षात मातृचेट नावाच्या गृहस्थाने या डोंगरावर सूर्यमंदिर बांधले. सहाव्या शतकातल्या त्या शिलालेखात डोंगराचे नाव 'गोप' असे येते. चढणीच्या वाटेवरच्या चतुर्भुज मंदिरातले लेख ८७५ आणि ८७६ सालचे. शून्याच्या लिखित खुणेमुळे ते जगभर प्रसिद्ध झाले, पण नावाच्या अभ्यासकाला त्यातला 'गोपगिरि' हा शब्द तितकाच मोलाचा आहे. पुढे गोपाद्रि आणि गोपाचल ही रूपे लेखांत आणि ग्रंथांत स्थिरावली. गुराख्यांचा डोंगर, एवढाच त्याचा सरळ अर्थ. लोकांत मात्र दुसरी कथा प्रचलित आहे. सूरजसेन नावाच्या राजाचा कुष्ठरोग ग्वालिपा नावाच्या साधूने बरा केला आणि त्या साधूवरून गावाला नाव पडले, असे ती सांगते. कथा गोड आहे आणि तिला शहराच्या मनात मान आहे. पण 'गोप'वाला लेख तिच्याहून कित्येक शतके जुना. नाव आधी होते, नंतर त्याला शोभेल असा साधू सापडला. मराठी रूपाचे तसेच. 'ग्वाल्हेर'मधला 'ल्हेर' संस्कृतातून येत नाही आणि हिंदीतूनही येत नाही. बागलाणातले साल्हेर आणि मुल्हेर हे डोंगरी किल्ले मराठी कानाला पाठ होते. उत्तरेत एक नवा प्रचंड डोंगरी किल्ला ऐकू आला, तेव्हा त्याचे नाव जुन्या किल्ल्यांच्या साच्यात बसले, असे मला वाटते. इंदौरचे इंदूर झाले, झाँसीची झाशी झाली, भोपालचे भोपाळ झाले. मराठी माणसांनी दूरच्या जागा अशा आपल्या उच्चारात आणून ठेवल्या आणि मग त्या जागांत ते राहायला गेले.

राहायला जाण्याआधी, हे महत्त्वाचे. नगर जिल्ह्यातल्या ताहराबादला बसून महिपतीने १७६२ साली 'भक्तविजय' पूर्ण केला. आपले आधार सांगताना तो म्हणतो की नाभाजीने संतचरित्रे ग्वाल्हेरी भाषेत लिहिली. ज्या भाषेला आज शाळकरी मुलगाही ब्रज म्हणेल, तिला अठराव्या शतकातला मराठी संतचरित्रकार ग्वाल्हेरी म्हणत होता, आणि ते सांगताना शब्दाचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज त्याला भासत नव्हती. श्रोत्यांना तो ठाऊक असावा. दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या दक्षिणेला कायमची पडायला अजून जवळजवळ पन्नास वर्षे होती. मग एवढ्या दूरवर हे नाव पोचले कसे? माझ्या मते गाण्यातून आणि पदांतून. मानसिंह तोमराच्या दरबारात, पंधराव्या शतकाच्या अखेरीस आणि सोळाव्याच्या आरंभी, ध्रुपदाला देशी बोलीत रूप मिळाले. त्याच्या नावावरच्या 'मानकुतूहल' ग्रंथाच्या आधारे फकीरुल्लाहने सतराव्या शतकात फारसीत 'रागदर्पण' रचले. त्यात ग्वाल्हेर मध्यभागी धरून आसपासच्या प्रदेशाची भाषा सर्वांत शुद्ध ठरवली आहे आणि इराणात शिराझच्या भाषेला जे स्थान, ते हिला दिले आहे. ग्वाल्हेरच्या हरिहरनिवास द्विवेदींनी १९५५ साली 'मध्यदेशीय भाषा (ग्वालियरी)' हे पुस्तक लिहून या विसरलेल्या नावाची बाजू मांडली. त्यांच्या सगळ्या निष्कर्षांशी सहमत व्हायलाच हवे असे नाही, पण मूळ निरीक्षण पक्के आहे: कृष्णभक्तीच्या संप्रदायांनी 'ब्रज' हा शब्द रुजवण्याआधी आणि रुजवल्यानंतरही, दक्षिणेतल्या लोकांसाठी उत्तरेच्या काव्यभाषेचे नाव ग्वाल्हेर या गावाशी जोडलेले होते. खुद्द किल्ल्याखालच्या माणसाला आपली बोली 'ग्वाल्हेरी' आहे असे सांगण्याचे कारण नव्हते. ती त्याची बोली होती, एवढे त्याला पुरेसे होते.

हा प्रकार आपल्यापुरता नाही. जर्मन लोक स्वतःला आणि स्वतःच्या भाषेला 'डॉइच' म्हणतात. त्या शब्दाचा प्रवास युरोपातल्या भाषाशास्त्रज्ञांनी फार बारकाईने तपासला आहे. त्याचे मूळ 'लोक' या अर्थाच्या प्राचीन जर्मानिक शब्दात आहे. 'डॉइच' म्हणजे लोकांचे, लोकांच्या तोंडचे. त्याचे सर्वांत जुने लॅटिन रूप, 'थिओडिस्कुस', ७८६ सालच्या एका पत्रात सापडते. ओस्टियाच्या बिशपने पोप हेड्रियनला इंग्लंडमधल्या धर्मसभांचा वृत्तान्त कळवला, त्यात असे आले की ठराव लॅटिनमध्ये आणि लोकांच्या भाषेत वाचून दाखवले. म्हणजे आज ज्या शब्दाने जर्मन माणूस आपली ओळख सांगतो, तो कागदावर प्रथम आला तेव्हा त्याने इंग्लंडची बोली दाखवली होती, आणि लिहिणारा लॅटिनचा धर्मगुरू होता. दोन वर्षांनी बव्हेरियाच्या टासिलोवरच्या खटल्याच्या नोंदीत तोच शब्द फ्रँक राज्यातल्या एका देशी कायदेसंज्ञेसाठी येतो. इ. स. १०००च्या सुमारास नोटकर नावाचा भिक्षू आपल्या अनुवादाच्या भाषेला तो लावतो, आणि अकराव्या शतकाच्या अखेरीस 'आनोलीड' या काव्यात तो लोकांना आणि देशालाही लागलेला दिसतो. आधी भाषा, मग माणसे, मग भूमी. या क्रमाला तीनशे वर्षे लागली. तोच शब्द इंग्रजांच्या तोंडी शेवटी हॉलंडच्या लोकांसाठी राहिला, आणि इटालियन आजही जर्मनाला त्याच शब्दाच्या रूपाने 'तेदेस्को' म्हणतात.

आता त्या पत्राच्या सात वर्षे आधीचा आपल्याकडचा पुरावा पाहा. ७७९ साली राजस्थानातल्या जालोरला जैन आचार्य उद्योतनसूरी यांनी 'कुवलयमाला' ही प्राकृत कथा पूर्ण केली. तिच्यात एका नगराच्या बाजारपेठेत नाना देशांचे व्यापारी येतात, आणि लेखक प्रत्येकाचे रूप, स्वभाव आणि तोंडची एखाददुसरी लकब टिपत जातो. गुर्जर, लाट, मालव, कर्नाटक, आंध्र, आणि त्यांच्यात मरहट्ट. मरहट्ट अभिमानी आणि भांडखोर आहेत असे तो सांगतो आणि त्यांच्या तोंडी भूतकाळाची लकारान्त रूपे घालतो. त्याच लकाराने आजचे मराठी वाक्य पुरे होते. भाषेवरून ओळखलेला मराठी माणूस इतक्या ठळकपणे साहित्यात उभा राहिला तो असा: मारवाडात बसलेल्या परभाषक साधूच्या लेखणीतून, बाजारात, इतर देशच्या लोकांशेजारी. प्रदेशाचे नाव त्याआधी होतेच. सिंहली 'महावंसा'त अशोकाच्या काळी धर्मप्रचारक पाठवलेल्या देशांत महारट्ठ येते, आणि ६३४ सालच्या ऐहोळेच्या प्रशस्तीत रविकीर्ती नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा उल्लेख करतो. पण हे उल्लेखही पाहा कुठले: लंकेतल्या विहारातले आणि कन्नड मुलखातल्या मंदिरावरचे. या मुलखाचे नाव जपून ठेवण्याचे काम बरेचसे बाहेरच्यांनी केले आहे.

इथे पहिला आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. उच्चार कोणी केला यापेक्षा शब्दाचे मूळ काय हे महत्त्वाचे नाही का? मुळातच त्या लोकांचे सत्त्व असणार. याच समजुतीने 'महाराष्ट्र' शब्दावर दीडशे वर्षे वाद झाला. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी रठ्ठ किंवा रट्टांचा 'महा' उपपदाशी संबंध जोडला. नाणेघाटच्या लेखातले 'महारठी' आणि अशोकाच्या लेखातले 'रठिक' त्यांच्या बाजूने उभे राहिले. जॉन विल्सनसारख्या मिशनरी विद्वानाने महारांचे राष्ट्र असा विग्रह केला, आणि श्रीधर व्यंकटेश केतकरांनीही महार आणि रट्ठ यांचा मेळ घालून पाहिला. मोठे राष्ट्र, महारथींचा देश, असे सोपे अर्थ तर घरोघरी सांगितले गेले. या प्रत्येक व्युत्पत्तीमागे विद्वत्तेबरोबर एक इच्छाही आहे: शब्दाच्या गाभ्यात आपल्याला हवा तो समाज सापडावा, कुठे शूर, कुठे मूळ रहिवासी, कुठे विशाल. मला हा वाद निरर्थक वाटत नाही. भांडारकरांची मांडणी शिलालेखांना धरून आहे आणि आजही तीच सर्वांत टिकाऊ वाटते. पण मूळ काही ठरले तरी पुढची गोष्ट त्यातून सुटत नाही. रट्ट हे मूळ मान्य केले, तर आज पुण्याजवळच्या खेड्यात 'मराठा' म्हणजे एक जात आणि ग्वाल्हेरच्या जुन्या हिंदी बोलण्यात 'मरहठा' म्हणजे दक्षिणेकडून आलेला कुठल्याही जातीचा माणूस, हा फरक त्या मुळातून कसा निघणार? फरक बोलणारा उभा कुठे आहे त्यातून निघतो. महाराष्ट्रात आजूबाजूला सगळेच मराठी बोलणारे, म्हणून तिथे हा शब्द त्यांच्यातला एक समाज वेगळा दाखवण्याच्या कामी लागला. चंबळच्या काठी ब्राह्मण कारकून, प्रभू फडणीस, कुणबी शिलेदार, सगळे एकाच फौजेबरोबर आलेले परके होते, आणि त्यांना एकाच शब्दात गोळा करणे स्थानिकांना सोयीचे होते. दूर बंगालात तर फौजेतल्या हलक्या दर्जाच्या स्वारासाठीचा 'बारगीर' हा शब्दच 'बर्गी' होऊन सगळ्या मराठ्यांचे नाव झाला, आणि तिथल्या अंगाईगीतांत भीतीचा शब्द म्हणून उरला.

'दक्षिणी' या शब्दात हे आणखी उघड दिसते. उत्तरेच्या फारसी लेखकांनी मराठी फौजांना 'दखनी' म्हटले, आणि ग्वाल्हेर-इंदूरकडे महाराष्ट्रीय ब्राह्मण 'दक्षिणी ब्राह्मण' म्हणून ओळखले गेले. पुण्यात कोणी स्वतःला दक्षिणी म्हणणार नाही. पुण्याची दक्षिण कर्नाटकात सुरू होते. पण याला एक जोडशब्द आहे, आणि तो मराठीच्या पोटातला आहे. पेशवाईतल्या पत्रांत 'हिंदुस्थान' म्हणजे नर्मदेपलीकडचा मुलूख. फौज हिंदुस्थानात गेली, सरदार हिंदुस्थानात आहेत, असे पुण्याहून लिहिले जाई. म्हणजे ज्या माणसाला त्याचे गाव 'हिंदुस्थानात गेलेला' म्हणत होते, त्याला हिंदुस्थान 'दक्षिणी' म्हणत होते. दोन्ही नावांत त्याचे अंतर सांगितले आहे. जर्मन भाषकांच्या वसाहतींत याच जातीची उदाहरणे आहेत. बाराव्या शतकापासून ट्रान्सिल्वेनियात गेलेल्या वसाहतकारांना हंगेरीच्या राजदरबाराने 'सॅक्सन' म्हटले, जरी त्यांतले पुष्कळसे ऱ्हाईन आणि मोझेल नद्यांच्या परिसरातून आलेले होते. ते नाव त्यांनी इतके आपलेसे केले की आजही ते स्वतःला तेच म्हणवतात. आणि डॅन्यूबकाठच्या जर्मन शेतकऱ्यांसाठी 'डोनाऊश्वाबेन' हा शब्द तर १९२२ साली रोबर्ट झीगर या भूगोलज्ञाने रूढ केला. त्यांतले सगळे श्वाबियाचे नव्हते. पहिल्या महायुद्धानंतर त्यांची वस्ती तीन देशांत विभागली गेली आणि तेव्हा कुठे त्यांना एका नावाची गरज भासली.

नावे प्रत्ययांतही राहतात, आणि मराठीत या कामासाठी 'कर' आहे. सर्वसाधारण समज असा की 'कर' म्हणजे त्या गावचा. पण ज्या गावात सगळेच त्या गावचे, तिथे हा प्रत्यय काही सांगत नाही. गाव सुटल्यावर किंवा दुसऱ्या गावाने आसरा दिल्यावरच तो कामाला येतो. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा जन्मले चंदूरला आणि झाले इचलकरंजीकर, कारण आश्रय इचलकरंजीचा. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर जन्मले कुरुंदवाडला, मूळ आडनाव गाडगीळ, आणि नाव चालले पलुस्कर. उलट दिशेचे उदाहरण ग्वाल्हेरातच आहे, आणि या पुस्तकाच्या दृष्टीने मला ते सर्वांत बोलके वाटते. राजाभैया पूछवाले, १८८२ ते १९५६, ग्वाल्हेर घराण्याचे थोर गायक आणि गुरू. त्यांचे घराणे आष्टेकर. पूछ हे गाव उत्तरेतले, म्हणून त्याच्यामागे 'कर' लागला नाही, 'वाले' लागला. आष्ट्याचा 'कर' मागे राहिला आणि हिंदी प्रत्यय लागलेले नाव मराठी कुटुंबाने आपले म्हणून वागवले. पुढे त्यांचे पुत्र बाळासाहेब यांनीही ते तसेच चालवले. आष्टेकर ते पूछवाले या एका बदलात शंभर-दीडशे वर्षांचे स्थलांतर आहे, आणि ते कोणा सरकारी दप्तराने लादलेले नाही.

राजघराण्याच्या नावाचेही असेच. साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे शिंदे मराठीत शिंदेच राहिले. हिंदी आणि इंग्रजी कागदांत ते सिंधिया झाले. पण शहराने यात एक वेगळाच निवाडा दिला आहे. लष्कर भागातली वस्ती आजही 'शिंदे की छावनी' म्हणवते. हिंदी षष्ठी, मराठी आडनाव. तिच्या आसपास 'महाराज बाड़ा' आहे, ज्यात मराठी वाडा लपलेला आहे, आणि 'कंपू', ज्यात इंग्रजी कँप. १८१० साली दौलतरावांची छावणी पडली तिला फौज या अर्थाचा फारसी शब्द 'लष्कर' लागला, आणि फौज हलली नाही म्हणून तेच शहराचे नाव झाले. किला गेटकडचे जुने ग्वाल्हेर, महंमद घौस आणि तानसेन यांच्या कबरींचे, या छावणीहून वेगळे आणि जुने. दोन्ही वस्त्यांच्या मध्ये किल्ल्याचा डोंगर आहे. मराठी माणूस ग्वाल्हेरकर म्हणवून घेतो तेव्हा तो बहुधा लष्करचा असतो. नाव मात्र डोंगरापलीकडच्या गावाचे घेतो.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे आणि त्याला मी हलके लेखत नाही. दुसऱ्याने ठेवलेले नाव ही ओळख कशी? ते तर आपल्यावर चिकटवलेले लेबल. बर्गीच्या बाबतीत हे खरेच आहे. ते नाव मराठी माणसाने कधी घेतले नाही आणि घेण्याचे कारणही नव्हते. नाव बाहेरून येते एवढेच मी म्हणतो. ते राहील की नाही हे आतली माणसे ठरवतात, आणि ठरवताना त्यात स्वतःचा अर्थ भरतात. ग्वाल्हेर संस्थानात भास्कर रामचंद्र तांबे राजकवी झाले. मराठी भावकवितेचा एक मोठा प्रवाह त्यांच्यापासून निघाला, आणि त्यांच्या गीतांत हिंदुस्थानी रागांची जी चाल आहे ती पुण्या-मुंबईत बसून आली नसती. त्याच संस्थानातल्या श्योपूरला १९१७ साली गजानन माधव मुक्तिबोध जन्मले. ते हिंदीत लिहू लागले आणि हिंदी नवकवितेचे मध्यवर्ती नाव झाले. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहू लागले, आणि १९७९ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मराठीसाठी मिळाला. १९१७ सालीच ग्वाल्हेरला जन्मलेले प्रभाकर माचवे दोन्ही भाषांत लिहीत राहिले. १९४३च्या 'तारसप्तक'मधल्या सात हिंदी कवींत मुक्तिबोध आणि माचवे हे दोघे मराठीभाषक होते. एका घरातल्या दोन भावांनी दोन भाषा निवडल्या, तर त्यांतला कोण अधिक 'दक्षिणी' आणि कोण अधिक 'हिंदुस्थानी' हा प्रश्न विचारणे मला चुकीचे वाटते. शब्द दोघांच्याही अंगावर होता. त्याचे काय करायचे ते दोघांनी वेगळे ठरवले.

तिसरा आक्षेप अभ्यासकांचा: हे सगळे लिहित्या माणसांचे पुरावे. शिलालेख, संतचरित्रे, गायक, कवी. सामान्य कुटुंब काय म्हणत होते? हा आक्षेप मला मान्य आहे, आणि पुढील पानांत पत्रे, लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या आणि घरातले बोलणे यांवर इतका भर आहे तो त्यामुळेच. तिथे एक गोष्ट ठळकपणे दिसते. १९४८ साली ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झाले, १९५६ साली मध्य प्रदेश झाला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्यानंतर 'महाराष्ट्र' शब्दाला नकाशावर रेषा मिळाली, आणि ग्वाल्हेरचे मराठी कुटुंब त्या रेषेच्या बाहेर पडले. आधी महाराष्ट्रीय असणे हे भाषेचे आणि कुळाचे सांगणे होते; आता ऐकणाऱ्याला ते पत्त्यासारखे वाटते. या काळात उत्तरेत एक नवे रूप फार पसरले, 'महाराष्ट्रीयन', संस्कृत शब्दाला इंग्रजी शेपूट लावलेले. पुण्यातल्या शुद्धलेखनाच्या आग्रही माणसाला ते खटकते, आणि व्याकरणाने त्याचे म्हणणे बरोबर आहे. पण ग्वाल्हेरात 'मराठा' म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोक्यात आता जात येते, 'दक्षिणी' म्हटले तर तमिळ किंवा तेलुगू माणूस येतो, आणि 'महाराष्ट्रीय' हिंदी बोलण्यात जड पडते. जुने तिन्ही शब्द असे हातचे गेल्यावर लोकांनी चौथा उचलला. दरम्यान महाराष्ट्रातून 'बृहन्महाराष्ट्र' हा शब्द आला, भारदस्त, समासबद्ध, बाहेरच्या सगळ्यांना कवेत घेणारा. संस्थांच्या नावांत, अधिवेशनांच्या पत्रिकांत तो चांगला रुळला आहे. घरात मात्र तो फारसा ऐकू येत नाही, कारण त्यात मोजमाप केंद्राकडून केलेले आहे, आणि किला गेटला रिक्षावाल्याने 'आप लोग कौन?' असे विचारले तर त्याचे उत्तर एका शब्दात, त्याला कळेल असे द्यावे लागते.